हेरगिरीची पदवी, तीही घरबसल्या

‘इंटेलिजन्स स्टडीज’ या विषयात बॅचलर पदवी मिळते आणि ती पूर्णपणे ऑनलाइन करता येते, असं सांगितलं की ऐकणारा हमखास हसतो. पिस्तूल पोस्टाने येतं का, पाठलागाची प्रॅक्टिकल्स लॅपटॉपवर कशी घेतात, असले प्रश्न सुरू होतात. चेष्टा होणारच, नावच तसं आहे. पण अभ्यासक्रम उघडून बघितला तर पाठलाग त्यात जवळपास नाहीच. आहे ते ढीगभर वाचन, त्याहून जास्त लेखन, थोडं संख्याशास्त्र, थोडा कायदा आणि स्वतःच्याच डोक्यावर संशय घ्यायची सवय. त्यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. पदवीला काही किंमत असेल तर ती तिच्यामुळेच आहे, असं माझं मत. म्हणून या लेखात तिच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. इंटेलिजन्सला मराठीत गुप्तवार्ता म्हणतात आणि त्यातल्या ‘गुप्त’वर आपलं लक्ष आधी जातं. या विषयात मात्र भर असतो ‘वार्ते’वर, म्हणजे ती कुणासाठी आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तयार केली आहे यावर. सीमेजवळ चाळीस ट्रक उभे असल्याचा उपग्रह फोटो ही नुसती माहिती झाली. ते ट्रक तिथे का आले असावेत, पुढच्या दोन आठवड्यांत काय घडू शकतं, हे सांगण्याइतका पुरावा आपल्याकडे आहे का, आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याला हे एका पानात कसं सांगायचं, इथपर्यंत गेलं की ती गुप्तवार्ता होते. चोरून मिळवलेली माहिती त्यात असेलही, नसेलही.

हे शास्त्र म्हणून शिकवण्याची कल्पना प्रामुख्याने अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिथे ओएसएस नावाची गुप्तचर संघटना उभी राहिली आणि तिच्या संशोधन विभागात इतिहासाचे, भूगोलाचे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक शेकड्यांनी भरती झाले. येल विद्यापीठात इतिहास शिकवणारे शर्मन केंट त्यांच्यातलेच. युद्धानंतर ते सीआयएमध्ये गेले आणि अंदाज तयार करणाऱ्या मंडळाचे दीर्घकाळ प्रमुख राहिले. १९५५ साली त्यांनी एक तक्रार लिहून ठेवली. डॉक्टर, वकील, कुठल्याही व्यवसायाला स्वतःचं लिखित साहित्य असतं. आपल्या व्यवसायाला ते नाही, त्यामुळे प्रत्येक पिढी पहिल्यापासून सुरुवात करते, अशी ती तक्रार होती.

नागरी महाविद्यालयांत हा विषय रुजायला मात्र आणखी बराच काळ गेला. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या मर्सीहर्स्ट कॉलेजमध्ये एफबीआयमधून निवृत्त झालेले रॉबर्ट हाइबेल यांनी १९९२ साली विश्लेषक घडवणारा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. या क्षेत्रातल्या पहिल्यांपैकी तो एक. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, मरीन कोअरमधले निवृत्त अधिकारी जेम्स एटर यांनी अमेरिकन मिलिटरी युनिव्हर्सिटी काढली, ती थेट दूरशिक्षणासाठी. सैनिकाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. एका गावात चार वर्षं बसून पदवी घेणं त्याला जमत नाही. म्हणजे गुप्तवार्ता आणि दूरशिक्षण यांची जोडी इंटरनेटच्या लाटेत जुळलेली नाही, ती मुळातच बदलीच्या नोकरीतून जुळली. आजही या वर्गांत नौदलातले, पोलिसांतले, रात्रपाळी करणारे लोक बरेच दिसतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर मागणी वाढली. २००४ च्या कायद्याने सगळ्या गुप्तचर संस्थांवर एक राष्ट्रीय संचालक आला, त्याच वर्षी या विषयाच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि अभ्यासक्रम भराभर निघू लागले. त्यात चांगले निघाले तसे नुसत्या नावावर विकले जाणारेही निघाले.

माहिती येते कुठून

पहिल्या वर्षात विद्यार्थ्याला माहिती गोळा करण्याचे प्रकार शिकवतात. माणसांकडून मिळणारी, संदेश आणि सिग्नल टिपून मिळणारी, फोटो आणि नकाशांतून मिळणारी, किरणोत्सर्ग किंवा कंपनांसारख्या मोजमापांतून मिळणारी, आणि वर्तमानपत्रं, कोर्टाची कागदपत्रं, समाजमाध्यमं अशा उघड्या स्रोतांतली. ही यादी पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. मजा पुढे आहे.

एक साधं पण फार उपयोगी साधन घ्या. ब्रिटिश नौदलाकडून आलेली आणि नाटो देशांत रूढ झालेली ही पद्धत आहे. आलेल्या प्रत्येक बातमीला एक अक्षर आणि एक अंक द्यायचा. अक्षर बातमी देणाऱ्यासाठी: ए म्हणजे पूर्ण भरवशाचा, ई म्हणजे बेभरवशाचा, एफ म्हणजे त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही. अंक बातमीसाठी: १ म्हणजे दुसरीकडून खात्री झालेली, ५ म्हणजे खरी असणं अवघड, ६ म्हणजे ठरवता येत नाही. गंमत अशी की अक्षर आणि अंक एकमेकांवर अवलंबून नसतात. वीस वर्षांच्या भरवशाच्या माणसाने ऐकीव गप्पा आणल्या तर ती ए-५ असू शकते. पक्का थापाड्या माणूस दुसऱ्या तीन ठिकाणांहून पडताळता येईल अशी गोष्ट सांगून गेला तर ती ई-१. आपण रोजच्या व्यवहारात नेमकं उलट करतो. सांगणारा कोण हे पाहून सांगितलेलं खरं मानतो, नाहीतर उडवून लावतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत एवढं जरी पहिल्या सेमिस्टरमध्ये मुरलं तरी पुष्कळ झालं.

दुसरं उदाहरण संख्याशास्त्राचं. या विषयाला गणित कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी ते राखून ठेवावं. महायुद्धात दोस्त राष्ट्रांना जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो हे हवं होतं. हेरांकडून आणि इतर नेहमीच्या मार्गांनी आलेला ऑगस्ट १९४२ चा आकडा होता १५५०. दुसरीकडे काही अर्थतज्ज्ञ पकडलेल्या रणगाड्यांच्या गिअरबॉक्ससारख्या सुट्या भागांवरचे अनुक्रमांक उतरवून घेत बसले होते. त्यांचा आकडा आला ३२७. युद्ध संपल्यावर जर्मनीच्या नोंदी हाती लागल्या, त्यात लिहिलं होतं ३४२.

यामागची युक्ती शाळेच्या गणिताची आहे. समजा क्रमांक १ पासून सुरू होतात आणि तुमच्या हाती चार रणगाडे लागले, त्यातला सगळ्यात मोठा क्रमांक ६०. एकूण रणगाडे ६० तरी आहेतच. पण नेमका शेवटचाच रणगाडा तुमच्या हाती लागला असेल हे कठीण, म्हणून पुढे थोडी जागा सोडायला हवी. किती? ६० पर्यंत चार क्रमांक सापडले, म्हणजे सरासरी दर पंधरामागे एक. तेवढंच अंतर पुढे धरायचं आणि त्यातून एक वजा करायचा: ६० अधिक १५ वजा १, म्हणजे ७४. इतकंच. कुणाचा जीव धोक्यात घातला नाही, कुलूप तोडलं नाही, फक्त शत्रूने स्वतःच्या सोयीसाठी घातलेले आकडे वाचले.

आजच्या उघड्या स्रोतांच्या अभ्यासातही हाच बाणा दिसतो. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियन एअरलाइन्सचं एमएच-१७ हे विमान पाडलं गेलं, तेव्हा बेलिंगकॅट या गटाने लोकांनी समाजमाध्यमांवर टाकलेले फोटो आणि व्हिडिओ जोडून ‘बुक’ नावाचं विमानविरोधी क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या गाडीचा मार्ग लावला. मागची इमारत कुठली, पाटीवर काय लिहिलंय, सावली कुठल्या बाजूला पडली आहे, असे प्रश्न विचारत. हे कौशल्य ऑनलाइन शिकणाऱ्याला कॅम्पसवरच्या विद्यार्थ्याइतकंच येऊ शकतं, कारण काम स्क्रीनवरच करायचं असतं. मात्र सराव करताना शेजाऱ्याचं किंवा जुन्या मैत्रिणीचं आयुष्य उकरायचं नाही, खोटी खाती काढून कुणाला बोलतं करायचं नाही. चांगला शिक्षक ही सीमारेषा पहिल्याच आठवड्यात आखून देतो. देत नसेल तर त्या अभ्यासक्रमाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

‘शक्यता आहे’ म्हणजे किती?

आता गाभ्याकडे. मार्च १९५१ मध्ये सीआयएने एक अंदाज लिहिला की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ मानली पाहिजे. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने केंटना सहज विचारलं, गंभीर शक्यता म्हणजे तुमच्या मनात किती? केंट म्हणाले, पासष्ट-पस्तीस, हल्ला होण्याच्या बाजूने. अधिकारी चमकला, कारण वाचताना त्याने खूपच कमी धरलं होतं. केंट परतले आणि तो मजकूर एकमताने मंजूर करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना त्यांनी तोच प्रश्न केला. कुणाच्या मनात ऐंशी-वीस होतं, तर कुणाच्या मनात थेट उलटं, वीस-ऐंशी. शब्दावर सगळ्यांचं एकमत होतं, अर्थावर कुणाचंच नव्हतं.

या अनुभवातून केंटनी शब्दांना टक्के बांधून द्यायचा प्रयत्न केला. ‘जवळपास निश्चित’ म्हणजे ९३ टक्क्यांच्या आसपास, ‘संभाव्य’ म्हणजे ७५ च्या आसपास, असं. सहकाऱ्यांत दोन तट पडले. आकड्यांचा आग्रह धरणाऱ्यांना केंट गणिती म्हणत, आणि भाषेला असं जखडू नका म्हणणाऱ्यांना कवी. त्या काळी कवी जिंकले म्हणायला हरकत नाही. पण आज अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या लेखनाला जे अधिकृत निकष लागू आहेत त्यात शब्दांचा टक्क्यांशी मेळ घातलेला आहे. ‘शक्यता जास्त’ या अर्थाचा शब्द ५५ ते ८० टक्क्यांसाठी, ‘शक्यता खूपच जास्त’ ८० ते ९५ साठी, आणि वरचं टोक ९९ वर थांबतं. शंभर तिथे नाहीच.

त्याच निकषांत आणखी एक नियम आहे, आणि विद्यार्थी त्यावर हमखास अडखळतात. घटना घडण्याची शक्यता आणि आपल्या अंदाजावरचा आपला भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका वाक्यात मिसळायच्या नाहीत. नाणं उडवलं तर छापा पडण्याची शक्यता ५० टक्के, आणि या ५० वर माझा भरवसा पूर्ण, कारण नाणं माझ्या ओळखीचं आहे. दूरच्या देशातलं सरकार वर्षभरात पडेल का, असं विचारलंत आणि मला काहीच ठाऊक नसल्यामुळे मीही ५० टक्केच म्हणालो, तर आकडा तोच, पण भरवसा शून्य. वाचणाऱ्याला हा फरक कळला नाही तर तो दोन्ही ठिकाणी सारखाच वागेल.

हे नियम हौसेने आलेले नाहीत. ऑक्टोबर २००२ च्या अंदाजात इराककडे रासायनिक आणि जैविक शस्त्रं असल्याचं सांगितलं होतं. त्यातल्या जैविक शस्त्रांच्या भागात ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाच्या एका इराकी माणसाच्या सांगण्याचा मोठा वाटा होता, आणि अमेरिकी विश्लेषकांना त्याला थेट भेटताही आलं नव्हतं. त्याचं सांगणं खोटं निघालं. मार्च २००५ मध्ये चौकशी आयोगाने लिहिलं की युद्धापूर्वीच्या या शस्त्रांविषयीच्या जवळपास सगळ्याच निष्कर्षांत गुप्तचर यंत्रणा साफ चुकली होती. लेखनाचे निकष आले ते त्यानंतर, २००७ मध्ये. मागे सांगितलेलं अक्षर-अंकाचं साधन आठवा. सांगणारा एफ आणि बातमी ६ असताना निष्कर्ष मात्र पक्क्या भाषेत लिहिला गेला होता.

आपल्याच डोक्याशी भांडण

सीआयएत अनेक वर्षं काढलेले रिचर्ड्स ह्यूअर यांनी विश्लेषकाच्या मनाचा अभ्यास केला. त्यांचं लेखन १९९९ साली सीआयएनेच पुस्तकरूपात प्रसिद्ध केलं आणि ते फुकट वाचायला मिळतं. त्यांचा मुद्दा असा की माणूस आधी एक उत्तर धरतो, मग त्याला जुळणारा पुरावा गोळा करतो. जुळणारा पुरावा नेहमीच सापडतो, म्हणून तर फसगत होते. त्यावर त्यांनी सुचवलेली तक्त्याची पद्धत जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात.

समजा एका कारखान्याने उत्पादनाचे आकडे जाहीर करणं अचानक बंद केलं. तीन शक्यता मांडा: तिथे गुपचूप शस्त्रं बनू लागली, कारखाना तोट्यात जाऊन बंद पडतोय, किंवा नुसताच मालक बदललाय आणि नव्या मालकाला आकडे द्यायचे नाहीत. आता पुरावे एकेक करून तिन्हींसमोर ठेवा. कारखान्याभोवती नवं उंच कुंपण आलंय. शस्त्रांवाल्या गोष्टीत हे अगदी फिट्ट बसतं, आणि इथेच नवखा माणूस उडी मारतो. पण बंद कारखान्यातलं भंगार चोरीला जाऊ नये म्हणूनही कुंपण घालतात, आणि नवा मालकही घालतो. तिन्हींना जुळणाऱ्या पुराव्याची किंमत शून्य. मग कळतं की उपग्रहाच्या फोटोत रात्रपाळीचे दिवे दिसतायत. हे ‘बंद पडतोय’च्या विरोधात जातं. मग वेल्डरांच्या भरतीच्या उघड्या जाहिराती सापडतात, पगारासकट. गुपचूप काम चालवणाऱ्याला हे न परवडणारं. असं करत करत, ज्या शक्यतेच्या विरोधात सगळ्यात कमी पुरावा उरतो ती पुढे येते. जिच्या बाजूने सगळ्यात जास्त पुरावा तीच खरी, असं इथे धरत नाहीत. वाचायला हा फरक क्षुल्लक वाटेल. करून बघा, मन किती चरफडतं ते कळेल.

दुसरी सवय म्हणजे गृहीतकं कागदावर उतरवणं. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला तेव्हा सैन्याच्या हालचाली इस्रायलच्या लष्करी गुप्तचरांना दिसत होत्या. तरी ते म्हणत राहिले की युद्धाची शक्यता कमी आहे. कारण एक पक्की धारणा: इस्रायलच्या आत खोलवर मारा करणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं मिळाल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया लढणार नाही. ही धारणा अडाणीपणाची नव्हती, चांगल्या माहितीवर उभी होती. पण इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी मधल्या काळात बेत बदलला आणि धारणा तशीच राहिली. नंतरच्या अग्रानात आयोगाने याच ‘संकल्पने’वर बोट ठेवलं. म्हणून विद्यार्थ्याला अहवालाच्या आधी एक यादी करायला लावतात: मी काय गृहीत धरलंय, ते कधीपासून, आणि ते मोडलं असेल तर मला कशावरून कळेल?

ऑनलाइन वर्गात हे घडतं का

घडू शकतं, पण आपोआप नाही. अमेरिकी बॅचलर पदवी साधारणपणे १२० क्रेडिटची असते, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे चाळीस विषय. त्यात गुप्तवार्तेचे ढोबळमानाने तिसरा हिस्सा, बाकी भाषा, इतिहास, गणित, विज्ञान वगैरे. क्रेडिटचा रूढ हिशेब पाहिला तर तीन क्रेडिटच्या विषयाला सोळा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला नऊ तास लागतात. तोच विषय आठ आठवड्यांत घेतला तर अठरा. नोकरी करून आठ आठवड्यांचे दोन विषय एकदम घेणाऱ्याने हा गुणाकार आधी करावा. बरेच जण करत नाहीत आणि तिसऱ्या आठवड्यात गळतात.

आठवड्याचं स्वरूप बहुतेक ठिकाणी सारखंच: वाचन, ध्वनिमुद्रित व्याख्यान, चर्चेच्या पानावर एक नोंद आणि दोन सहाध्यायांना उत्तर, मग छोटा अहवाल. अहवालाची शैलीही शिकवतात. निष्कर्ष पहिल्या वाक्यात, कारणं नंतर. कॉलेजच्या निबंधासारखी लांबलचक प्रस्तावना चालत नाही. यात चर्चेची नोंद हा प्रकार माझ्या मते बहुतेकदा वेळ भरून काढण्याचा असतो. ‘तुमचा मुद्दा छान आहे’ असं लिहून कुणाचंच डोकं चालत नाही. खरी शिकवण अहवाल परत येतो तेव्हा होते, आणि तीही शिक्षकाने समासात ‘हे तुला कशावरून कळलं?’ असं लिहून पाठवलं तरच. ऑनलाइन असो वा समोरासमोर, ही एक गोष्ट नसेल तर पदवी म्हणजे चाळीस वाचनयाद्या.

काही गोष्टी मात्र या मार्गाने येत नाहीतच. माणसाकडून माहिती काढण्याची कला, पाठलाग टाळणं, गुप्त संपर्क, हे नोकरीला लागल्यावर खात्यातच शिकवतात. विश्लेषकांनाही सीआयए स्वतःच्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून शिकवते. २००० साली सुरू झालेल्या त्या शाळेला शर्मन केंट यांचंच नाव आहे.

पैसे भरण्याआधी

पहिली गोष्ट मान्यता. अमेरिकेत शिक्षणसंस्थेला शासनमान्य मूल्यांकन संस्थेची मान्यता आहे का हे त्यांच्या शिक्षण खात्याच्या जाहीर नोंदीत शोधता येतं. संस्थेच्या स्वतःच्या जाहिरातीतला शिक्का पुरावा म्हणून धरू नये. काही कागदी विद्यापीठं स्वतःच्याच खिशातली मान्यता संस्था काढतात. ज्याला माहितीची पडताळणी शिकायची आहे त्याने पहिली पडताळणी इथेच करावी. दुसरी गोष्ट, शिकवणारे कोण आणि त्यातले पूर्णवेळ किती. तिसरी, आधीचे क्रेडिट किती चालतील, कारण खर्चाचं गणित दर क्रेडिटमागे असतं.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त लपवली जाते. अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या नोकऱ्या अमेरिकी नागरिकांसाठीच आहेत. गुप्त कागदपत्रं हाताळायची सुरक्षा मंजुरी कॉलेज देत नाही, विद्यार्थ्याला स्वतःहून मागताही येत नाही. नोकरी देणारं खातं किंवा कंत्राटदार ती प्रक्रिया सुरू करतो. मग तो प्रसिद्ध फॉर्म येतो, ज्यात दहा वर्षांचे राहण्याचे पत्ते, नोकऱ्या, परदेशी ओळखी, कर्जं, अमली पदार्थ असं सगळं विचारतात. कुठला अभ्यासक्रम ‘मंजुरीची हमी’ देत असेल तर तो सरळ खोटं बोलतोय. शिवाय या खात्यांना याच विषयाची पदवी लागते असंही नाही. अरबी किंवा चिनी भाषा येणारा, अर्थशास्त्र शिकलेला, डेटा हाताळणारा उमेदवारही त्यांना हवाच असतो. म्हणून ही पदवी घेणाऱ्याने जोडीला एक भाषा किंवा एक तांत्रिक विषय घ्यावा, असं मी कुणालाही सांगेन. नागरिक नसलेल्यांसाठी वाट खासगी क्षेत्राची: बँकांतले संशयास्पद व्यवहार शोधणं, सायबर हल्लेखोरांचा माग काढणं, कंपन्यांच्या प्रवासाची आणि मालाची जोखीम मोजणं, पत्रकारितेतली पडताळणी. तिथे पदवीच्या नावापेक्षा तुमचे दोन चांगले अहवाल जास्त बोलतात.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट: फुटलेली सरकारी कागदपत्रं. अमेरिकी सरकारच्या लेखी कागद जगभर पसरला तरी अधिकृतपणे खुला होईपर्यंत तो गोपनीयच असतो. पुढे मंजुरी हवी असणाऱ्याने निबंधात तो वापरण्याआधी शिक्षकाला विचारलेलं बरं. त्याची गरजही पडत नाही म्हणा. सीआयएने अधिकृतपणे खुले केलेले सुमारे ९ लाख ३० हजार दस्तऐवज २०१७ पासून इंटरनेटवर आहेत.

आणि आपल्याला हे जमेल का, आवडेल का, हे पाहायला फी भरावी लागत नाही. खुल्या झालेल्या कागदांत १९ सप्टेंबर १९६२ चा क्यूबाविषयीचा अंदाज आहे. तो केंट यांच्याच मंडळाने लिहिला. सोव्हिएत संघ क्यूबात अण्वस्त्रवाही क्षेपणास्त्रं ठेवण्याची शक्यता कमी, कारण असं साहस त्यांनी आजवर कधी केलेलं नाही, असा त्याचा सूर. सीआयएचे संचालक जॉन मकोन यांना ते पटत नव्हतं. क्यूबात विमानविरोधी क्षेपणास्त्रं आणून बसवलीत, ती कशाच्या रक्षणासाठी, हा त्यांचा सवाल होता. अंदाज चुकला, क्षेपणास्त्रं तिथे निघाली. पुढे १९६४ मध्ये केंटनी या प्रकरणावर लिहिलं तेव्हा आपली कारणमीमांसा सोडली नाही, चुकीचा निर्णय सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने घेतला असाच त्यांचा युक्तिवाद होता. शब्दांना टक्के बांधणाऱ्या माणसालाही आपली चूक कबूल करणं जड गेलं असावं.

तो अंदाज छापून घ्या. गृहीतकांखाली रेघा मारा, तीन शक्यतांचा तक्ता करा, मकोन यांचा सवाल पुराव्यांच्या रांगेत टाका, आणि अर्ध्या पानात स्वतःचं मत लिहा, टक्क्यांसकट, तारीख टाकून. यू-२ या अमेरिकी टेहळणी विमानाने १४ ऑक्टोबरला काढलेले त्या क्षेपणास्त्रांचे फोटो त्यानंतर उघडा.